शिळ्या पाण्याचे घरमालक

नळाला पाणी आलं की ज्याचं तोंड उतरायचं, असा अख्ख्या जालन्यात एकच माणूस होता आणि तो नेमका माझा घरमालक होता. आठ-आठ, दहा-दहा दिवस कोरडा पडलेला नळ खाकरायला लागला की गल्लीत लग्नघराची धांदल उडायची. हंडे, घागरी, पिंप, कुकरची भांडी, लहान पोराचा टब, जे जे पाणी धरू शकतं ते ते बाहेर यायचं. तेवढ्यात आमचे घरमालक काका मात्र कुणाला भेटायला दवाखान्यात आल्यासारखे नळापाशी उभे असायचे. धारेखाली एक बोट धरायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "ताजं हाय. काही कामाचं न्हाई." मग घरात जाऊन पंचा खांद्यावर टाकून एक बादली आणि एक तांब्या घेऊन गल्लीत निघायचे. बाकीचे लोक पाणी भरायला बाहेर पडायचे, हे कालचं पाणी मागायला.

मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्या घरामागे विहीर, विहिरीला बारमाही पाणी, आणि माझी शाळा सातवीत सुटली ती त्याच विहिरीच्या काठावर, कारण आई आजारी पडली आणि घरचं पाणी आणि शेतातली लावणी माझ्यावर आली. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर. इथल्या कारखान्यांतून लोखंडी सळया भरून देशभर हिंडतो, म्हणून आम्ही इथं आलो. खोली शोधताना घरोघरच्या बायकांनी आमची जात विचारली, गाव विचारलं, नवरा किती दिवस घरी असतो ते विचारलं, आणि शेवटचं उत्तर ऐकून दार लोटून घेतलं. काकांनी एकच विचारलं, "नळ आला का शिळं पाणी फेकून देता का तुम्ही?" मी आधीच घाबरी, त्यात दिवसभर चालून पाय सुजलेले. मी म्हटलं, "पाणी शिळं होतं?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साऱ्या मराठवाड्यात आपल्याला समजून घेणारं कुणीतरी आज सापडलं. किल्ली लगेच हातात आली.

पण त्याच संध्याकाळी मी ती माया जवळजवळ घालवली. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून मोठी काचेची पेटी, आत सोनेरी-तांबूस मासे संथ फिरत होते. प्रवास आणि खोली शोधणं, यात चार दिवस मी धड जेवले नव्हते. मासे दिसले आणि डोळ्यांत पाणी आलं. मी प्रेमानंच विचारलं, "काका, यातला खायला कुठला बरा?" पुढचे कित्येक दिवस मी चहाची कपबशी परत द्यायला गेले तरी काका पेटीवर पंचा टाकायचे. पुढे राग निवळला, पण माझं नाव कायमचं 'कोकणबाई' पडलं. मी उंबऱ्यात दिसले की माशांकडे वळून ते गंभीरपणे सांगायचे, "मागं सरका रे, कोकणबाई आली."

आता शिळ्या पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण परक्या मुलखातल्या माणसाला ते खरं वाटायचं नाही. जिथं थेंबाथेंबासाठी भांडणं होतात, तिथंच नवं पाणी आलं की आठवडाभर जपलेलं जुनं पाणी बायका ओट्यावरून भसाभसा ओतून देतात. ते नासलेलं नसतं, त्याला वास नसतो. पण ते शिळं, आणि शिळं पाणी घरात ठेवून ताजं कसं भरायचं? काकांच्या मते त्या दिवशी गल्लीच्या गटारातून सोनं वाहून जायचं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायची पावडर मिसळलेली असते. ती माणसाच्या पोटाला चालते, पण माशाच्या कल्ल्यांना ती जाळते. हेच पाणी उघड्या भांड्यात दोन-तीन दिवस पडून राहिलं की पावडरीचा तोरा आपोआप उडून जातो आणि मासा त्यात सुखानं श्वास घेतो. म्हणजे गल्ली जे फेकते ते माशांना अमृत, आणि गल्ली जे भरते ते विष. हे काका इतक्यांदा सांगायचे, की शेजारची पोरंसोरंही त्यांची नक्कल करायची.

एकदा त्यांच्या लेकीनं नाशिकहून दुकानातल्या थेंबांची बाटली आणली. चार थेंब टाकले की नळाचं पाणी तिथल्या तिथं माशांसाठी चांगलं, असं तिचं म्हणणं. काकांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि लेक परत निघाली तेव्हा तिच्याच पिशवीत गुपचूप घातली. मला म्हणाले, "नळाचं पाणी म्हंजे गावाशी भांडून घरी आलेला माणूस. त्याला जरा बसू द्यावं लागतं. आल्या आल्या कामाला लावलं का ते कुणाला तरी चावतंच."

म्हणून ते पाणी बसवायचे. ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात त्यांचा निळा पिंप होता, त्याच्या तोंडाला माझ्या फाटक्या ओढणीची जाळी. त्यात गल्लीभरचं शिळं पाणी. सकाळ-संध्याकाळ ते त्यातून तांब्या भरायचे आणि हात उंच करून धार परत पिंपात सोडायचे, टपरीवाला चहा वर-खाली करतो तशी. म्हणायचे, पाण्याला वारा दाखवायला लागतो. मग एका काचेच्या नळीत थोडं पाणी आणि एका लहान बाटलीतले पावडर तपासायचे थेंब. पाणी पिवळं झालं तर पावडर अजून आहे. त्या पिवळ्याच्याही त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. हळदीचा हात धुतल्यासारखं असलं तर पिंपाकडे पाठ फिरवायची, लिंबाच्या सालीसारखं असलं तर उद्या बघू, आणि काहीच रंग नाही आला तर नळी उन्हात धरून ते खूश व्हायचे. त्यानंतरही पाणी लगेच पेटीत जायचं नाही. भरलेली बादली पेटीशेजारी रात्रभर ठेवायची, म्हणजे दोघांचा गारठा सारखा होतो. मग पेटीतलं थोडंसंच जुनं काढून थोडंसंच नवं घालायचं, तेही हातावर धार घेऊन, हळूहळू. त्यांच्या स्वतःच्या आंघोळीला मात्र हा मान नव्हता. थंडीतही कसल्याही पाण्यानं दोन तांबे, की झालं.

शिळं पाणी मागायचीही त्यांची रीत होती. कुणी बाई पिंपातलं पाणी त्यांच्या बादलीत ओतायला लागली की ते बादली मागं घ्यायचे. "मी घेतो," म्हणायचे आणि आपला तांब्या स्वतः बुडवून भरायचे. मला वाटायचं, गढूळ तळ ढवळला जाऊ नये म्हणून असेल. समोरच्या म्हातारबाईंनी एकदा हट्ट धरला, थांबा हो, मी ओतते, तुम्ही बादली खाली धरा. काका रिकामी बादली घेऊन परत आले. ओट्यावर बसल्यावर, मी न विचारताच, जरा वेळानं बोलले. घनसावंगीकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या बापाला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी येऊन वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं. काका म्हणाले, "बाप गेला तवर वरून पडणाऱ्या पाण्याचीच सवय. म्या मंग नोकरीच अशी धरली, का साऱ्या गावाला पाणी म्या पाजीन." दारातून दिसणाऱ्या बुद्धाच्या तसबिरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विषय संपला. दुसऱ्या खेपेला समोरच्या म्हातारबाईंनी पिंपावरचं झाकण काढून ठेवलं आणि स्वतः आत निघून गेल्या. तेवढं त्यांना कळलं, हे मला आवडलं.

त्यांची ती नोकरी म्हणजे पाणीपुरवठ्यातला वॉलमन. उभी हयात त्यांनी पहाटे सायकलला लांब लोखंडी चावी बांधून गावभर व्हॉल्व उघडले आणि बंद केले, आणि टाकीवर ड्यूटी असली की ब्लिचिंग पावडर कालवून पाण्यात सोडली. सारं गाव त्यांच्या हातून पाणी प्यालं आणि सारं गाव त्यांना शिव्या देत आलं. बडी सडकवाले म्हणायचे, आमचं पाणी मोदीखान्याला सोडलं. मोदीखानावाले म्हणायचे, कादराबादला जावई करून घेतलंय का? रिटायर झाल्यावर त्यांनी मासे पाळले आणि त्यांना या मोहल्ल्यांचीच नावं दिली. "बडी सडक आज जेवून न्हाई राह्यली," असं ते काळजीनं सांगायचे. "कादराबादच्या शेपटाला काहीतरी झालंय." आणि एक ढोला मासा होता, कितीही खायला घातलं तरी काचेला तोंड लावून आ वासणारा, त्याचं नाव नवीन जालना. त्याच्याकडे बघून काका म्हणायचे, "ह्याला कितीबी सोडा, ह्याची तक्रार चालूच. पण माशायची तक्रार आवाज न करता असते, तेवढं बरं हाय."

जन्मभर पाण्यात पावडर घालणारा माणूस म्हातारपणी पाण्यातून पावडर काढत बसला होता. हे मी एकदा हसून बोलले तर ते हसले नाहीत. म्हणाले, ते गावासाठी होतं, हे घरासाठी.

घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक नाशिकला, नोकरी करणारी, स्वभावानं अगदी बापासारखी, म्हणजे एक गोष्ट धरली की सोडायची नाही. तिनं धरलं होतं, की बाबांनी आता एकटं राहू नये. काकांनी धरलं होतं, की जालना सोडायचं नाही. एकदा त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते देवळाच्या चौकापर्यंत फिरून आले, तेव्हापासून भांडण वाढलं. शेवटी काकांनीच तोड काढली. लेकीला म्हणाले, मी कसा आहे ते मला विचारू नको, मासे बघ. ज्या माणसाचे मासे धडधाकट, तो माणूस धडधाकट. मासे जगताहेत तोवर मी इथं, आणि माझ्या हातून त्यांना काही झालं की तू म्हणशील त्या गाडीत बसतो. लेकीनं ते मान्य केलं. तिला वाटलं असणार, मासे असे किती दिवस जगतात! तिला बापाचं पाणी माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि मोबाईल धरायचं काम माझं. काका पेटीजवळ नवरदेवाच्या बापासारखे उभे आणि मी एकेक मासा दाखवत जायची. लेक तिकडून विचारायची, ताई, तो कोपऱ्यातला हलत का नाही? माझा जीव अर्धा व्हायचा. खरं सांगायचं तर ती पेटी काकांच्या इतकीच माझीही होती. ते नाशिकला गेले तर घराला कुलूप लागणार, आणि मी पुन्हा दोन पिशव्या घेऊन त्या लोटलेल्या दारांसमोरून फिरणार. पण तेवढंच नव्हतं. नवऱ्याचा ट्रेलर एकदा परराज्यात कुठंतरी उलटला आणि दोन दिवस त्याचा फोन लागेना, तेव्हा काकांनी ओट्यावर बसून सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावले होते. मी रडायला लागले की म्हणायचे, "घाबरायचं काम न्हाई, कोकणबाई. लाईन लांब असली का पाणी उशिरा पोचतं, पण पोचतं." आणि नवरा हाताला प्लास्टर घालून खरंच पोचला. असं सांगणारं माणूस माझ्या सासरी-माहेरी कुठंच नव्हतं.

म्हणून त्यांचं काही चुकायला लागलं की मी आधी डोळे मिटून घ्यायची. चष्मा खिशात असताना तासभर शोधणं, हे कुणाचंही होतं. मला माझ्या आधीच्या भाडेकरणीच्या नावानं हाक मारणं, तेही होतं. पण एका सकाळी मी दूध आणायला गेले तर काका चौकातल्या व्हॉल्वच्या खड्ड्याशी वाकून उभे. हातात काही नव्हतं, पण दोन्ही हात चावी फिरवावी तसे फिरत होते. मी म्हटलं, "काका, घरी चला." ते दचकले, मग म्हणाले, "बघत होतो गळती हाय का."   त्या रविवारी मोबाईल धरताना मी मासे जास्त वेळ दाखवले आणि काकांना कमी.

त्यात आरोग्याच्या ताई यायच्या, घरोघरच्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधत. त्यांना काकांचा उघडा पिंप म्हणजे तापाचं घर. त्या म्हणायच्या, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा. काका म्हणायचे, मी पाणी दिवसातून दोनदा हलवतो, डासाला अंडं घालायला सवडच कुठं मिळते? एकदा तर ते चिडून म्हणाले, अळी सापडली तर माझ्या मोदीखान्याला खायला द्या. ताईंना मोदीखाना कोण ते ठाऊक नव्हतं, त्यांना ती धमकी वाटली. शेवटी माझ्या ओढणीच्या जाळीवर तडजोड झाली. जाताना ताईंनी प्रत्येक घराला दिली तशी आम्हालाही मोरीत टाकायला ब्लिचिंगची पुडी दिली. ती काकांनी घेतली, नाकाशी नेली आणि ओळखीच्या माणसाकडं बघून हसावं तसे जरासे हसले.

त्या उन्हाळ्यात नळ फार दिवस आला नाही. टँकरचं पाणी खारट, बोअरचं. ते काका माशांना लावीनात. पेटीतलं पाणी खाली खाली गेलं, मासे एका कोपऱ्यात जमून राहिले, आणि काका स्वतःला ताप आल्यासारखे गप्प झाले. मग एका संध्याकाळी नळ खाकरला. गल्लीनं पाणी भरलं, पिंपांच्या तळाशी जपून राहिलेलं शिळं बाहेर आलं, आणि काका दारोदार फिरून तांब्या तांब्या करत आपला पिंप काठोकाठ भरून आले. दमले होते, पण त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाले, हे तर बसलेलंच पाणी आहे, सकाळी एकदा वारा दाखवतो आणि सोडतो.

सकाळी मी ओटा झाडत होते. काका पिंप ढवळत होते, काठीनं, एका लयीत, कडेनं आत आणि आतून कडेला. त्यांना इतकं मन लावून काम करताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मी बघतच राहिले. मग त्यांनी बादल्या आत नेल्या. मी केर भरला, चूल पेटवली, आणि भाकरीचं पीठ मळताना मला वास आला. दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तो. मी तशीच पिठाच्या हातांनी पुढच्या खोलीत गेले. मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते, नंतर वेड्यासारखे काचेवर आपटायला लागले. काका पेटीकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. हातात काचेची नळी, नळीतलं पाणी गर्द केशरी. असला रंग मी त्यांच्या नळीत कधी पाहिला नव्हता. त्यांनी ती उन्हात धरली होती आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

"डोस बराबर पडलाय," ते मला म्हणाले. "आता शेवटच्या नळापस्तोर जंतू राह्यचा न्हाई."

मोरीसाठी दिलेली पुडी पिंपाशेजारी रिकामी पडली होती.

 मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना पेटीकडे वळवलं. त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा हात खाली आला. मला एवढंच सुचलं, की शिळं पाणी हवं. मी बादली घेऊन गल्लीत धावले. समोर गेले, शेजारी गेले, कोपऱ्यावरच्या दोन घरांत गेले. प्रत्येक दारात बायका आपले भरलेले पिंप दाखवून मोठ्या आनंदानं म्हणाल्या, अगं, आमच्याकडे सगळं कालचं ताजं भरलेलं आहे, हवं तेवढं ने. शिळं मात्र कुणाकडे थेंब नव्हतं. होतं नव्हतं ते काल काकाच घेऊन गेले होते. समोरच्या म्हातारबाईंनी माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं आणि काही न विचारता देवापुढचा गडवा आणून दिला. त्यातलं पाणी परवाचं होतं. मी तो गडवा पदराखाली धरून आणला, जसा काही वाटेत त्याला वारा लागेल. तेवढ्या पाण्यात एकच मासा मावत होता. आम्ही त्यात नवीन जालन्याला घातलं, कारण तोच अजून तोंड हलवत होता. थोड्या वेळानं त्याचीही तक्रार थांबली.

काकांनी पेटी रिकामी केली. मासे फेकू दिले नाहीत, ओट्याजवळच्या जास्वंदीच्या आळ्यात खड्डा केला आणि माती लोटली. मग हात न धुताच बसून राहिले. मी चहा आणला, तो तसाच थंड झाला. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, रविवारला अजून वेळ आहे. स्टेशनकडे माशांचं दुकान आहे, मी आत्ता रिक्षानं जाते, तसेच सोनेरी घेऊन येते. लेकीला काय कळणार? एक ढोला पाहून आणीन. मोबाईल मीच धरते ना. मी हे भराभर बोलत होते आणि बोलता बोलता मला रडू येत होतं, आणि ते मासे गेले म्हणून की घर जाईल म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

काकांनी थंड झालेली कपबशी बाजूला सरकवली.

"मासे बदलून काय व्हतंय? चुकी माशायची न्हाई, वॉलमनची हाय," ते म्हणाले. "आज माशायच्या पाण्यात टाकली. उद्या तुझ्या प्यायच्या टाकीत टाकीन, आन तूबी मला काका काका म्हणून पिशील. न्हाई, कोकणबाई. ज्याच्या हाताला भान न्हाई, त्यानं चावी ठिवून द्यावी."

आणि त्यांनी रविवारची वाट पाहिली नाही. तिथंच बसून लेकीला फोन लावला. पलीकडून ती आधी जेवलात का वगैरे विचारत होती, ते मला ऐकू येत होतं. काकांनी तिला मधेच थांबवलं आणि झालेलं सगळं नीट सांगितलं, पुडीसकट, नळीच्या रंगासकट, कुठंही गुळमुळीत न बोलता. वरिष्ठांना गळतीची खबर द्यावी तसं.  मग लेक रडायला लागली आणि काकाच तिला समजावत बसले. इतकी वर्षं बापाला न्यायला भांडलेली ती मुलगी हुंदके देत म्हणत होती, की बाबा, एवढ्यानं काही होत नाही, तुम्ही दुसरे मासे आणा. पण त्यांनी ऐकलं नाही. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणून फोन ठेवला आणि तांब्यात पाणी घेऊन हात धुतले.

ती न्यायला आली त्या दिवशी काकांनी तिला माझ्यासमोर सांगितलं, की घराला कुलूप लावायचं नाही, कोकणबाई राहील. घर बंद राहिलं की नळ गंजतो, एवढंच कारण दिलं. मला पाया पडायचं होतं, पण ती रीत त्यांना चालत नाही, म्हणून मी नुसते हात जोडले. गाडीत बसताना ते गल्लीकडे न बघता आधी नळाच्या तोटीकडे बघत राहिले. तोटी बंद आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

नाशिकला त्यांच्या घरी रोज पाणी येतं. लेक म्हणते, त्यानं ते बेचैन होतात. पहाटे उठून बसतात, आज कुणाची पाळी म्हणून विचारतात. कधी कधी ती मला फोन लावून देते, कारण जालन्याचा आवाज ऐकला की ते निवळतात. मागच्या आठवड्यात सकाळी असाच तिचा फोन आला आणि पुढं काका बोलायला लागले. मी कशी आहे, नवरा आला का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी कोण, हे त्यांना माहीत होतं की समोर पाळीवरचा दुसरा वॉलमन आहे असं वाटत होतं, मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

"पाणी सुटलं का?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे बरेच दिवस नळ आला नव्हता. मी म्हटलं, "सुटलं."

"शेवटच्या घराला पोचलं?"

"पोचलं, काका."

"बराबर." पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग झाली ड्यूटी. लई लांबून येता तुम्ही. आता जा घरी."

मी त्यांच्याच ओट्यावर उभी होते. "निघालेच," मी म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत तिथंच थांबले.